नोंदीतलं अर्धं पान

मावशीला सगळे पाठीमागे 'उलटी मावशी' म्हणायचे, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवीन माणूस नाव ऐकून तिच्या पोटाची चौकशी करायचा, तेव्हा ती म्हणायची, "माझं पोट ठणठणीत आहे. मी दुसऱ्यांची कापडं उलटी करते." खरंच होतं ते. शिवलेलं, विणलेलं, भरलेलं कुठलंही कापड हाती आलं की आधी ते पालथं. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी चहा येईपर्यंत तिनं उशीचा अभ्रा आतून बघितलेला असायचा. "तोंडावर सगळेच गोड असतात," ती म्हणायची. "पाठ बघावी. पाठीवर माणूस थापा मारत नाही."

पोटापाण्यासाठी ती एका टेलरच्या दुकानात काजं करायची. बटणांची घरं. बत्तीस वर्षं हेच एक काम. काजांचं यंत्र आलं तेव्हाही मालकानं तिला काढलं नाही, कारण भारी कोट शिवून घेणारी गिऱ्हाइकं हातचीच काजं मागायची. नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला, मूलबाळ नव्हतं. दुकानाच्या मागे दोन खोल्यांत ती राहायची. बोलायला फटकळ, हिशेबाला चोख, आणि कुणाचं उसनं वाटीभर दूधही न ठेवणारी.

मी वाचनालयात कारकून आहे. आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दरवर्षी हस्तकलेची स्पर्धा भरते, तिच्या नोंदणीच्या टेबलावर मी बसते. भरतकामाच्या विभागाची तपासनीस मावशी. माझ्या आधीपासूनची. नियमावली चार पानांची होती, पण मावशीच्या मते खरे नियम त्यात दोनच. काम पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एकट्या स्पर्धकाच्या हातचं हवं, आणि गेल्या वर्षभरातलं हवं. "बाकी सगळी झालर," ती म्हणायची.

काम कुणाचं आहे हे तपासनिसाला कळू द्यायचं नाही अशी पद्धत होती. बाहेर मी नाव-पत्ता पाकिटात बंद करायची, कापडाला नंबराची चिठ्ठी टाचायची आणि ते आतल्या खोलीत न्यायची. आत मावशी, तिचं भिंग आणि खिडकीतला उजेड. ती कापड पालथं करायची, बोट फिरवायची आणि तपासणीच्या कागदावर लिहायची, 'एक हात' किंवा 'दोन हात'. 'दोन हात' लिहिलं की विषय संपला. लाल चिठ्ठी, स्पर्धेबाहेर.

"इथपर्यंत हिनं केलंय," ती मला दाखवायची, "आणि इथून पुढे हिच्या सासूनं. सासू दोरा ओढून धरते बघ. स्वभावच तसा."

मला काही म्हणता काही दिसायचं नाही. पण बाया भांडायला यायच्या आणि खाली मान घालून जायच्या, हे मी अकरा वर्षं पाहत होते.

त्या वर्षी एकेचाळीस नंबरचं काम घेऊन एक हसरी मुलगी आली. पंचविशी उलटलेली. चष्म्याच्या दुकानात कामाला असावी, कारण खिशावर दुकानाचं चिन्ह होतं आणि माझा चष्मा वाकडा बसलाय हे तिनं न विचारता सांगितलं, वर तिथल्या तिथे सरळही करून दिला. मग पिशवीतून कापड काढलं. हातभर लांबीरुंदीचा चौकोन, चारी कडांनी वेल आणि वेलीवर गडद जांभळी फुलं. मला त्यातलं फारसं कळत नाही, तरी मी बोलायची थांबले.

"शेवटच्या पानाला हात आला नाही हो," ती म्हणाली. "तसंच देऊ का?"

"चालतं. गुण कमी होतात, एवढंच."

खालच्या उजव्या कोपऱ्यात एक पान होतं. त्याच्या कडेची रेघ भरली होती, आत पोकळ. तिथंच मोकळं कापड होतं म्हणून नंबराची चिठ्ठी मी तिथं टाचली आणि कापड आत दिलं.

पाचच मिनिटांत मावशी बाहेर आली. एरवी ती तपासणी चालू असताना पाणी प्यायलाही उठायची नाही. तिच्या हातात ते कापड होतं, पालथं.

"हे कुणी आणून दिलं?"

"मावशी, ते तुम्हाला सांगायचं नसतं."

अकरा वर्षांत तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ती तिथंच उभी राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "हा हात मेलाय."

"म्हणजे?"

"हा हात माझ्या ओळखीचा आहे. चार वर्षं झाली त्याला जाऊन."

मी म्हटलं, मग कुणीतरी जुनं काम स्वतःचं म्हणून खपवतंय. बाद करा, प्रश्न मिटला. मावशीनं मान हलवली. "तेच मला वाटलं. पण दोरा बघ. ही जांभळी लडी दुकानात यंदा आलीय. मी स्वतः विचारली होती, कोटाच्या अस्तराला जुळते का म्हणून. आणि कापडाला अजून खळ आहे. एकदाही धुतलेलं नाही. हे काम ताजं आहे." तिनं कापड माझ्यापुढे धरलं आणि मागच्या बाजूनं नखाची रेघ ओढली. "सगळे टाके घट्ट आणि दर आठ-नऊ टाक्यांनी एक सैल. दिसतोय? परत घट्ट. परत सैल. असा हात जगात एकच होता."

तो सैल टाका मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. एकदा दिसल्यावर मग तोच दिसायला लागला, चारी कडांनी, ठराविक अंतरावर, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

मावशीनं आत जाऊन तपासणीचा कागद भरला. मी तो नंतर वाचला. 'एक हात. काम ताजं. खाली उजव्या कोपऱ्यातलं पान अर्धं, आतलं भरण नाही.' आणि शेऱ्यात, 'स्पर्धकाला समोर बसवून काम करून घ्यावं.' शंका असली तर तशी सोय नियमात होती. स्पर्धकानं येऊन तासभर सगळ्यांसमोर भरायचं आणि मग दोन्ही कामं शेजारी ठेवून बघायची. ही वेळ क्वचितच यायची.

गुरुवारी सकाळी अकराला त्या मुलीला बोलावलं. खोलीत आम्ही तिघं होतो. मावशी, मी आणि स्पर्धेचे प्रमुख असलेले चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. दार उघडून मुलगी आत आली आणि म्हणाली, "अगं मावशी! अजून तूच तपासतेस?"

मावशी खुर्चीवरून उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचा होता. "सर, ही माझी सख्खी भाची. नियम नऊ. नात्यातलं काम तपासनिसाला ओळखता आलं तर त्यानं हात काढून घ्यायचा. मी या तपासणीत नाही."

"अहो पण मग हात ओळखणार कोण?" सर वैतागले. "मला रंगातलं कळतं, टाक्यातलं नाही."

"तुम्हाला नाही कळलं तरी नियम नियम आहे."

शेवटी असं ठरलं की मावशीनं खोलीत बसावं, पण एक शब्द बोलायचा नाही. ती खिडकीशी जाऊन बसली. भाचीला यात काहीच गैर वाटत नव्हतं. तिनं कोरं कापड मांडीवर घेतलं आणि सुईत दोरा ओवताना तीन वेळा चुकली. रिंग लावू का, मी विचारलं. नको म्हणाली. तिची आई रिंग न लावताच भरायची, कापड डाव्या हाताच्या बोटांवर ताणून.

"आईनं शिकवलं?" सरांनी विचारलं.

"छे! आईनं मला सुईला हात लावू दिला नाही. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत कोरं कापड मिळालं, कडेनं वेल काढलेली. म्हटलं आपणच बघावं. पहिले आठ दिवस नुसता गुंता. मग एका रविवारी दुपारी तिच्या खुर्चीत बसले आणि हात आपोआप वळायलाच लागला. मला तर वाटतं रक्तातच असतं काहीतरी, कारण मी बसले की दोन-दोन तास कसे..."

वाक्य तिथंच थांबलं.

तोवर तिनं घातलेले टाके वेडेवाकडे होते, लहान मुलानं काढावेत तसे. आता सुई सरळ जायला लागली. तिचे डोळे कापडावर होते, पण पापण्या हलत नव्हत्या. खोलीत फक्त दोरा कापडातून ओढला जाण्याचा आवाज होता. मी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि दोन बोटांनी तिनं कापड धरलं होतं. करंगळीशेजारचं बोट कापडाला टेकत नव्हतं. ते ताठ, थोडं मागे ओढलेलं होतं, जणू पुढे टेकवायला त्याला टोकच नव्हतं. आठ-नऊ टाके झाले की पकड निसटायची, ती हात सरकवून नव्यानं धरायची आणि त्या वेळचा टाका सैल पडायचा.

बोट तर धडधाकट होतं. गुलाबी नखासकट.

अर्धा तास झाला असेल. खिडकीजवळून मावशीचा आवाज आला, "ताई."

सर दचकले. "मावशी, बोलायचं नाही ठरलंय."

"ताई, माझं चुकलं गं. मी तेव्हा थांबायला हवं होतं."

मला वाटलं आता सुई थांबेल. मुलगी वर बघेल, काहीतरी होईल. काही झालं नाही. आठ घट्ट, एक सैल. सुई तिच्या कामात होती. खिडकीत बसलेल्या बाईशी तिला काही देणंघेणं नव्हतं. मावशी तोंडावर हात ठेवून बसून राहिली. मला तेव्हा भीती वाटली ती याचीच. कुणी रागावलं असतं तर परवडलं असतं.

तास भरला तशी सरांनी टेबलावरची घंटा वाजवली. मुलीनं मान वर केली आणि म्हणाली, "...निघून जातात कळतच नाही."

तिचं मघाचं वाक्य होतं ते. मग तिनं डावा हात चोळला. "इथं वारं येतं का हो? हे बोट बघा कसं गार पडलंय." मी हात लावला. बाकीचा हात उबदार होता. ते एक बोट फरशीसारखं गार.

दोन्ही कामं शेजारी ठेवली. त्यात ओळखायला तज्ज्ञ लागतच नव्हता. सरांनी 'हात स्पर्धकाचाच' असं लिहून सही केली, मीही केली. आमच्या डोळ्यांदेखत तिनं भरलं होतं, आम्ही दुसरं काय लिहिणार?

मावशी जिन्यात बसली होती. मी दोन कप चहा घेऊन तिच्याशेजारी बसले. तिनं न विचारताच सांगायला सुरुवात केली.

ताई तिच्याहून चार वर्षांनी मोठी. बाइंडिंगच्या कारखान्यात कागदांच्या घड्या घालायची आणि उरलेल्या वेळात भरतकाम. सुरुवातीची कितीतरी वर्षं पहिलं बक्षीस तिचंच असायचं. मग मावशी तपासनीस झाली. एकोणीस वर्षांपूर्वी एक मेजपोस तिच्यापुढे आला. नुसता नंबर, नाव नाही. पण पालथा केल्याबरोबर तिनं ओळखलं, ही ताई. तीन कडा अस्सल ताईच्या. चौथ्या कडेला हात बदललेला. मधेच सैल पडणारा, परका.

"मला वाटलं, वेळ अपुरा पडला म्हणून हिनं कुणा शिष्येकडून पुरं करून घेतलं," मावशी म्हणाली. "त्याच क्षणी मी उठून सरांना सांगायला हवं होतं, की ही माझी बहीण आहे, दुसरं कुणी बघा. नियम नऊ तेव्हाही होता. मी नाही उठले. उलट मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, सख्ख्या बहिणीचीही गय करत नाही मी. गावभर झालं असतं ना नाव! 'दोन हात' लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली."

दुसऱ्या दिवशी ताई कापड परत न्यायला आली. डावा हात पिशवीत खुपसलेला. भांडली नाही, रडली नाही. "तुला दिसलं ते तू लिहिलंस," एवढंच म्हणाली आणि गेली.

पाच आठवड्यांनी मावशी तिच्या घरी गेली. ताई चहा ओतत होती, आणि कपाखाली धरलेल्या बशीवर तिची बोटं दिसली. एकाचं पुढचं पेर नव्हतं. कारखान्यात कागद कापायच्या यंत्रावर दुसऱ्या बाईच्या जागी उभी राहिली होती, तेव्हा गेलं. त्या यंत्राला हात लावायची तिला परवानगी नव्हती, म्हणून नोकरी जाईल या भीतीनं कुणाला सांगितलं नव्हतं. जखम ओली असतानाच तिनं चौथी कड पुरी केली होती.

"तो दुसरा हात तिचाच होता," मावशी म्हणाली. "बोट गेल्यानंतरचा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. मी बोटाकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं. दोघींनी चहा प्यायला. मग तिनं मला करपलेल्या दुधाबद्दल काहीतरी सांगितलं." तिनं कप पायरीवर ठेवला. "पंधरा वर्षं आम्ही बोलत होतो, येत-जात होतो, एकमेकींच्या आजारपणात रात्री काढल्या. पण हा विषय नाही. ती भरत राहिली, त्याच सैल हातानं. स्पर्धेला मात्र परत कधी काही दिलं नाही. आणि मग गेलीच."

शनिवारी प्रदर्शन सुरू झालं. निवडलेली कामं काचेच्या कपाटांत मांडून कुलूप लावायचं आणि किल्ली सरांच्या खिशात, ही रीत. बाहेरगावचे परीक्षक आदल्या दिवशी येऊन गुण देऊन गेले होते. रविवारी निकाल लागला. एकेचाळीस नंबरला दुसरं बक्षीस. भाचीनं दुकानातल्या सगळ्यांना फोन लावले.

सोमवारी सकाळी तक्रार आली. तिसरं बक्षीस मिळालेल्या बाई स्वतः आल्या होत्या. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या, अतिशय सभ्य बाई. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी या मुलीच्या आईच्या शेजारी राहत होते. हे काम तिच्या आईचं आहे. मला तुमच्यावर आरोप करायचा नाही, पण एकदा नीट बघा."

तक्रार लेखी होती, म्हणजे कपाट सगळ्यांसमोर उघडायला हवं होतं. सरांनी किल्ली काढली, कापड टेबलावर ठेवलं आणि मावशीचा तपासणीचा कागद मोठ्यानं वाचायला घेतला. एक हात. काम ताजं. दोऱ्याचं सांगितलं, समोर केलेलं काम दाखवलं. बाईंनी मान हलवली, त्यांना ते पटत होतं. मग सर पुढचं वाचून थबकले.

"'खाली उजव्या कोपऱ्यातलं पान अर्धं, आतलं भरण नाही.'" त्यांनी नंबराची चिठ्ठी बोटानं उचलून बघितलं. "हे तर पुरं आहे."

मी पुढे वाकले. पान भरलेलं होतं. हिरव्या दोऱ्यानं, काठोकाठ. माझी टाचणी तिथंच होती, मी लावली होती तशीच तिरकी, कापडात दोनदा रुतलेली. आणि टाके तिच्या खालून गेले होते. टाचणी न काढता ते पान भरणं कुणालाही शक्य नव्हतं, आणि टाचणी काढलेली नव्हती.

एक नियम मला पाठ होता. काम जमा केल्यानंतर त्यात एका टाक्याचाही बदल झाला तर ते बाद. मी कुलपाकडे बघितलं, सरांच्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. भाची तीन दिवसांत एकदाच आली होती, आणि तेव्हा काचेच्या बाहेर उभी राहून फोटो काढून गेली होती.

सरांनी मावशीला बोलावून घेतलं. ती आली, कापड बघितलं, त्या पानावर बोट ठेवलं. माणसं जमली होती. सर म्हणाले, "मावशी, तुमच्या नोंदीत पान अर्धं आहे. जमा करतानाच अर्धं असेल तर नंतर कुणीतरी हात लावलाय, आणि हे बाद करावं लागेल. नाहीतर मग तुमची नोंद चुकलीय. काय ते सांगा."

अकरा वर्षांत तिची नोंद चुकलेली मी पाहिली नव्हती. माझ्या आधीचं मला माहीत नव्हतं, पण आता ते तिनंच सगळ्यांना सांगितलं.

"मला दिसलं ते मी लिहिलं," ती म्हणाली. "पण माझं दिसणं याआधीही चुकलंय. एकोणीस वर्षांपूर्वी मी एका बाईचं काम 'दोन हात' म्हणून बाद केलं. ते एकाच हाताचं होतं. ती बाई माझी बहीण होती, मला ते ओळखू आलं होतं आणि तरी मी तपासायला बसले. या मुलीची आई ती."

तक्रार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या नोंदीचा भरवसा धरायचा नाही?"

"नका धरू," मावशी म्हणाली.

सरांनी ती ओळ खोडली आणि बाजूला सही केली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "चिठ्ठी तुम्ही लावलीत ना? तुम्हाला काही आठवतंय?"

मी म्हटलं, "गर्दी होती हो. लक्ष नव्हतं."

हे मी का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. दुसरं बक्षीस एकेचाळीस नंबरकडेच राहिलं. शाळेतल्या त्या बाई आजही बाजारात दिसल्या की मी रस्ता ओलांडते. त्यांच्यावर अन्याय झाला की नाही, हे कुठल्या नियमात बसवून बघावं तेच मला कळलेलं नाही.

त्याच संध्याकाळी मावशीनं भिंग सरांच्या टेबलावर ठेवलं आणि तपासनिशी सोडली. आम्ही दोघी एकत्रच खाली उतरलो. फाटकाशी आल्यावर मला राहवलं नाही. "मावशी, पान खरंच अर्धं होतं ना?"

"टाचणी लावलीस तेव्हा बोटाला काय लागलं तुझ्या?"

"नुसतं कापड."

"मग विचारतेस कशाला?" असं म्हणून ती चालायला लागली.

त्या सोमवारनंतर भाचीचा हात वळेनासा झाला. खुर्चीत बसून बघितलं, दुपारी बसून बघितलं, नुसता गुंता. तिला वाटलं बक्षिसानं नजर लागली. बोट मात्र गारच राहिलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त ठीक, नस ठीक, म्हणाले व्यायाम करा. ती हसत हसत सगळ्यांना हात लावून दाखवते. "बघा, माझा स्वतःचा फ्रीज." मावशी तो हात कधी हातात घेत नाही. मी बघितलंय, भाचीनं कप पुढे केला तरी ती कप आधी टेबलावर ठेवायला सांगते.

ते कापड भाचीनं चौकटीत बसवून आईच्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलंय. मी एकदा गेले होते. कोपऱ्यातल्या त्या पानाकडे बघायचं नाही असं ठरवून गेले, आणि सगळा वेळ तिथंच बघत होते. पानाच्या देठापासून एक बारीक हिरवी रेघ निघाली होती. ती आधीपासून होती की नव्हती, मला शपथेवर सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही.

नियमावलीत पुढच्या वर्षी एक ओळ वाढली. कुणाचंही काम बाद करण्याआधी त्या माणसाला बोलावून, त्याचं म्हणणं ऐकून, मगच शेरा लिहायचा. मावशीनं तीन बैठकांत सरांचं डोकं खाल्लं तेव्हा ती आली.

आणि भाचीनं हट्टच धरला की मला पहिल्यापासून शिकव. मावशीनं आधी नाही म्हटलं, मग दर रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत साधा धावदोरा घालून द्यायला लागली, रिंग लावून. मुलीचा स्वतःचा हात वाईट निघाला. टाके लंगडे, गाठी वर आलेल्या, दोरा कुठं ताणलेला तर कुठं लोंबणारा. मावशी तिचं काम उजेडाशी नेऊन खूप वेळ बघायची आणि मग, "हा तुझाच आहे," म्हणून परत द्यायची.

यंदा नवशिक्यांच्या विभागात तिनं एक हातरुमाल दिला. चिठ्ठी मीच टाचली, आणि टाचण्याआधी चारी कोपरे बोटानं चाचपून घेतले. काहीही मिळालं नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. दोन दिवस ती परीक्षकांच्या नावानं खडे फोडत होती, त्यांना दिसत नाही, त्यांनी आमच्या दुकानात यावं, तीस टक्के सूट देते म्हणाली. मावशी काजाचा दोरा दातानं तोडत म्हणाली, "पुढच्या वर्षी गाठ आत घे."